न वाढणाऱ्या पेशींची गाठ

दोन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर पांढरकवड्याला विज्ञान शिक्षकांच्या एका मेळाव्यात पेशीविभाजनावर बोलण्यासाठी आम्ही गेलो होतो. नागपूरहून दीडशेएक किलोमीटरचा रस्ता. दोन्ही बाजूंना पऱ्हाटी फुटलेली आणि वेचणीला बाया लागलेल्या. व्याख्यान नेहमीप्रमाणे पार पडले. चहाच्या वेळी एक शिक्षक जवळ आले. केळापूर तालुक्यातल्याच एका गावी ते विज्ञान आणि गणित शिकवतात. ते म्हणाले, "सर, चेतापेशी एकदा तयार झाली की तिचे विभाजन होत नाही, असे आम्ही वर्गात शिकवतो. तुम्हीही आत्ता तेच सांगितलेत. गाठ म्हणजे पेशींचे बेसुमार विभाजन, हेही आम्हीच शिकवतो. मग मेंदूत गाठ होते ती कशाची?"

प्रश्न त्यांचा एकट्याचा नव्हता, त्यांच्या वर्गाचा होता. सातवीतल्या एका मुलाला मेंदूची गाठ झाली होती. सकाळी उठल्याबरोबर त्याचे डोके दुखायचे, उलटी झाली की थोडे बरे वाटायचे. तीन-चार महिने पित्ताचे औषध चालले. मग डोळे तपासून चष्मा झाला. पुढे तो चालताना झोकांड्या खाऊ लागला, तेव्हा कोठे नागपूरला मेंदूचे स्कॅन झाले आणि तेथून मुंबईला शस्त्रक्रिया. मुलगा वाचला आणि वर्गात परत आला. त्यानंतर वर्गातल्या मुलांनी पुस्तकातले ते वाक्य सरांपुढे धरले.

आम्ही उभ्याउभ्या काहीतरी उत्तर दिले. ते अपुरे होते, हे परतीच्या वाटेवरच आम्हाला जाणवले. गेल्या शंभर वर्षांत ज्या प्रश्नाने मेंदूच्या अभ्यासकांना चकवले, तोच हा प्रश्न आहे. त्याचे उत्तर जरा सावकाशीने द्यायला हवे.

वाक्य खोटे नाही, अपुरे आहे

पुस्तकातले वाक्य चुकीचे नाही. प्रौढ माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी असतात. त्यांतली प्रत्येक पेशी लांब तंतूंनी शेकडो-हजारो इतर पेशींशी जोडलेली असते. अशी पेशी विभाजनाच्या मार्गावरून कायमची बाजूला झालेली असते. स्वीडनमधील योनास फ्रिसेन यांच्या गटाने याचा एक सुंदर पुरावा दिला. १९५५ ते १९६३ या काळात वातावरणात झालेल्या अणुचाचण्यांमुळे हवेतल्या कार्बन-१४ चे प्रमाण वाढले आणि चाचणीबंदीनंतर ते उतरत गेले. पेशी जन्मताना तिचा डीएनए ज्या कार्बनपासून बनतो, त्यात त्या वर्षीच्या हवेची खूण राहते. म्हणजे पेशीच्या डीएनएवर तिची जन्मतारीखच लिहिलेली असते! या गटाने २००६ साली मेंदूच्या बाहेरच्या थरातील चेतापेशी तपासल्या. त्यांचे वय माणसाच्या वयाएवढेच निघाले. जन्मानंतर तेथे नवी भर पडलेली आढळली नाही.

पण मेंदू म्हणजे नुसत्या चेतापेशी नव्हेत. जवळजवळ तितक्याच संख्येने तेथे ग्लाया नावाच्या आधारपेशी असतात. काही तारकांच्या आकाराच्या असतात, त्या चेतापेशींचे पोषण सांभाळतात. काही चेतातंतूंवर स्निग्ध आवरण गुंडाळतात. शिवाय मेंदूवर आच्छादनाचे पडदे असतात, त्यांच्याही गाठी होतात. फुप्फुसाचा किंवा स्तनाचा कर्करोग रक्तावाटे मेंदूत येऊन बसतो, तेव्हा ती गाठ मेंदूत असते पण मेंदूची नसते. तेव्हा आमच्या शिक्षकमित्राला द्यायचे पहिले, तोकडे उत्तर असे: मेंदूची गाठ पूर्ण वाढ झालेल्या चेतापेशीची बहुधा नसतेच.

पाठ्यपुस्तके येथे थांबतात. मात्र खरी गोष्ट येथूनच सुरू होते, कारण मोठ्यांना होणारी सर्वांत घातक गाठ ग्लायोब्लास्टोमा आणि लहान मुलांत नेहमी आढळणारी घातक गाठ मेड्युलोब्लास्टोमा, या दोन्ही सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या तर त्यांत काही पेशी चेतापेशींसारख्या वा ग्लायासारख्या, तर काही धड कशासारख्याच नसलेल्या दिसतात. एका गाठीत इतक्या तऱ्हा कशा? अमेरिकेतले शल्यविशारद हार्वे कुशिंग आणि त्यांचे सहकारी पर्सिव्हल बेली यांनी १९२६ साली या गाठींची वर्गवारी केली, तेव्हा त्यांनाही हे खटकले होते. त्यांनी गाठींना नावे दिली ती गर्भातल्या अर्धवट घडलेल्या पेशींवरून. मेड्युलोब्लास्टोमा हे नाव त्यांचेच. त्यातला 'ब्लास्ट' म्हणजे अंकुरावस्थेतली पेशी. ज्या 'मेड्युलोब्लास्ट' पेशीवरून हे नाव ठेवले, ती पेशी पुढे कोणाला सापडली नाही. नाव मात्र राहिले. परंतु गाठीचे धागे गर्भातल्या मेंदूपर्यंत जातात, हा त्यांचा अंदाज बरोबर ठरला.

बियाणे

म्हणून आधी मेंदू घडतो कसा ते पाहू. गर्भात सुरुवातीला मेंदू ही एक पोकळ नळी असते. तिच्या आतल्या अस्तरात ज्या पेशी असतात त्या मेंदूच्या मूलपेशी. मूलपेशीला दोन गोष्टी जमाव्या लागतात: विभाजनातून आपल्यासारखी दुसरी मूलपेशी तयार करणे आणि त्याचबरोबर वेगवेगळ्या कामांसाठी घडलेल्या पेशींना जन्म देणे. शेतकरी ज्वारीतली काही खाण्यासाठी काढतो आणि काही पुढच्या पेरणीसाठी बियाणे म्हणून राखतो, तसेच हे. सगळे खाल्ले तर पुढचे पीक नाही. सगळे राखले तर घरात खायला नाही.

हा तोल जनुके सांभाळतात. मूलपेशी आधी चेतापेशी घडवते आणि ठरावीक काळानंतर आधारपेशी घडवू लागते. हा बदल केव्हा करायचा हे कोण ठरवते? मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डॉ. शुभा टोळे यांच्या गटाने उंदरांच्या गर्भावर यासंबंधी काम केले. हिप्पोकॅम्पस या भागात 'एलएचएक्स-२' नावाचे जनुक चालू असेपर्यंत चेतापेशी तयार होत राहतात. ते काढून टाकले की मूलपेशी वेळेआधीच तारकापेशी घडवू लागतात. उलट, एरवी ते बंद होते त्या वेळी ते चालू ठेवले तर चेतापेशींचे उत्पादन लांबते. हे निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाले. मूलपेशीची वाटचाल अशा खटक्यांवर चालते, एवढे येथे लक्षात ठेवू.

जन्मानंतर हे बियाणे संपते, असे बराच काळ मानले गेले. चेताविज्ञानाचे जनक सांतियागो रामोन ई काहाल यांनीच तसा निर्वाळा दिला होता आणि त्यांचा शब्द मोठा होता. १९६० च्या दशकात जोसेफ आल्टमन यांनी उंदरांना किरणोत्सर्गी थायमिडीन टोचले. थायमिडीन हा डीएनएचा घटक असल्याने विभाजन होणाऱ्या पेशीतच तो शिरतो. प्रौढ उंदरांच्या मेंदूत त्याची खूण असलेल्या पेशी त्यांना सापडल्या. फार थोड्यांनी विश्वास ठेवला. पुढे १९९२ साली कॅनडातील कॅलगरी येथे ब्रेंट रेनॉल्ड्स आणि सॅम्युएल वाइस यांनी प्रौढ उंदराच्या मेंदूतील पेशी बशीत वाढवल्या. बहुतेक मेल्या. थोड्या वाढल्या आणि त्यांचे तरंगते गोळे झाले. त्या गोळ्यांतून चेतापेशीही निघाल्या आणि आधारपेशीही. बियाणे शिल्लक होते.

माणसाचे काय? जिवंत माणसाला असले रसायन टोचून त्याचा मेंदू कापून पाहता येत नाही. पण काही कर्करुग्णांना गाठीची वाढ मोजण्यासाठी डॉक्टरांनी अशाच प्रकारचे एक रसायन दिलेले होते. पेटर एरिक्सन आणि फ्रेड गेज यांनी अशा रुग्णांच्या मृत्यूनंतर, त्यांनी दिलेल्या संमतीनुसार, त्यांचे मेंदू तपासले. हिप्पोकॅम्पसमध्ये खूण असलेल्या चेतापेशी होत्या, म्हणजे त्या आजारपणात जन्मलेल्या होत्या. हे १९९८ साली जाहीर झाले. कर्करोगाची वाढ मोजण्याच्या रसायनाने मेंदूतल्या नव्या पेशी दाखवाव्यात, हा योगायोग आम्हाला नेहमी चटका लावतो. फ्रिसेन यांच्या कार्बन-१४ पद्धतीने २०१३ साली हिशेब काढला तो असा की, प्रत्येक बाजूच्या हिप्पोकॅम्पसमध्ये दररोज सुमारे ७०० नव्या चेतापेशींची भर पडते. सगळ्यांना हे मान्य आहे असे नाही. २०१८ साली एका गटाने प्रौढ माणसात अशा पेशी सापडतच नाहीत असे म्हटले, तर त्याच वर्षी दुसऱ्या गटाने सापडतात असे म्हटले. वाद आहे तो प्रौढपणी नव्या चेतापेशी घडतात की नाही, याचा. मुलांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये त्या घडतात याबद्दल वाद नाही, आणि मेंदूतील पोकळ्यांच्या भिंतीलगत मूलपेशींचे गुण असलेल्या पेशींची एक पट्टी प्रौढपणीही असते, हे २००४ साली दाखवले गेले.

गाठ कोणाची?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. कर्करोग होण्यासाठी एका पेशीच्या जनुकांत एकामागून एक अनेक बिघाड साठावे लागतात. त्यासाठी पेशी दीर्घकाळ टिकणारी आणि विभाजन करत राहणारी असावी लागते. मेंदूत अशी पेशी कोणती? मूलपेशी, किंवा तिच्यापासून निघालेली पण अजून पक्की न झालेली पूर्वपेशी. शिवाय मूलपेशीची संतती घडल्या जागेवरून दूर सरकत जाते. ग्लायोब्लास्टोमाच्या पेशीही तशाच मेंदूभर पांगतात. शल्यविशारदाने दिसणारी सगळी गाठ काढली तरी ती परत का येते, याचे एक कारण यातच आहे.

दक्षिण कोरियातील एका गटाने २०१८ साली थेट रुग्णांतच हे तपासले. ग्लायोब्लास्टोमाच्या १६ रुग्णांची गाठ आणि तिच्यापासून दूर असलेला, पोकळीच्या भिंतीलगतचा निरोगी दिसणारा भाग यांचा डीएनए त्यांनी वाचला. ९ रुग्णांच्या त्या निरोगी दिसणाऱ्या भागात गाठीतलेच काही बिघाड अगदी थोड्या पेशींत सापडले. म्हणजे गाठ दिसली एकीकडे आणि तिची सुरुवात झाली होती दुसरीकडे, मूलपेशींच्या पट्टीत. उंदरांच्या मूलपेशींत तेच बिघाड मुद्दाम घडवले, तेव्हा त्या पेशी दूर जाऊन तेथे गाठी झाल्या.

येथे थोडी सावधगिरी बाळगायला हवी. १६ रुग्ण म्हणजे फार नव्हेत आणि ७ जणांत तो पुरावा मिळाला नाही. उंदरांवरच्या आणखी एका प्रयोगात, जो २०११ साली प्रसिद्ध झाला, बिघाड मूलपेशीत घडवला तरी मूलपेशी शांतच राहिल्या. तिची संतती चेतातंतूंचे आवरण करणाऱ्या पूर्वपेशींच्या अवस्थेला पोहोचल्यावरच बेसुमार वाढू लागली. बी किडके असावे पण रोग दिसावा तो कणीस भरताना, असा प्रकार. तेव्हा 'सगळ्या गाठी मूलपेशीपासून होतात' हे वाक्य फळ्यावर लिहू नये. मूलपेशी आणि तिच्या लगतच्या दोन-तीन पिढ्या, एवढ्या घेऱ्यात संशयित आहेत, असे म्हणावे.

पुण्यातल्या दोन पेशीमालिका

अशी वाटचाल डोळ्यांसमोर घडलेली पाहण्याचा एक दुर्मिळ योग पुण्यात आला. गणेशखिंडीत पुणे विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आहे. तेथे डॉ. अंजली शिरस यांच्या गटाने एका रुग्णाच्या मेंदूतील गाठीच्या पेशी बशीत वाढवल्या. त्यांतून 'एचएनजीसी-१' ही पेशीमालिका मिळाली. या पेशी शांत होत्या: हळू वाढत, शेजारच्या पेशीला टेकल्या की वाढ थांबवत, आणि उंदरांत टोचल्या तर गाठ करत नसत. त्यांच्यात मूलपेशीच्या खुणा होत्या. या पेशी दीर्घकाळ वाढवत ठेवल्यावर त्यांच्यातूनच, बाहेरून काही न करता, दुसरी मालिका निघाली, 'एचएनजीसी-२'. ती झपाट्याने वाढे, आधार नसला तरी वाढे, आजूबाजूला घुसे आणि उंदरांत गाठ करी.

२००३ साली हे काम प्रसिद्ध झाले. त्यातली एक गोष्ट वर्गात सांगण्यासारखी आहे. माणसाच्या शरीरपेशीत गुणसूत्रे ४६ असतात, हे सगळ्यांना पाठ असते. या दुसऱ्या मालिकेत ती जवळजवळ निम्मी होती. प्रत्येक गुणसूत्राची एकच प्रत, फक्त दुसऱ्या क्रमांकाच्या गुणसूत्राच्या दोन. गुणसूत्रांचा एवढा मोठा तोटा होऊनही पेशी मेली नाही, उलट बेभान झाली. का? आपल्या प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात. वाढीला लगाम घालणाऱ्या जनुकाची एक प्रत बिघडली तरी दुसरी काम भागवते. दुसरी प्रतच नाहीशी झाली तर बिघाडाला आडकाठी उरत नाही. २००७ साली याच गटाने दाखवले की शांत मूलपेशीपासून कर्कमूलपेशीकडे जाणारी ही वाट गुणसूत्रांच्या अस्थैर्यातून गेली आहे.

कुंद्याची मुळी

'कर्कमूलपेशी' हा शब्द आला आहे, तो उलगडून सांगायला हवा. गाठ कोणत्या पेशीपासून सुरू झाली, हा एक प्रश्न. सुरू झालेली गाठ कोणत्या पेशींच्या जोरावर टिकते, हा दुसरा. वर्तमानपत्रांत दोन्हींची नेहमी सरमिसळ होते.

दुसऱ्या प्रश्नाला टोरांटो शहरात उत्तर मिळाले. रक्ताच्या कर्करोगात मोजक्याच पेशी रोग पुढे चालवतात, हे तेथे जॉन डिक यांच्या गटाने १९९० च्या दशकात दाखवले होते. त्याच शहरात शीला सिंग आणि पीटर डर्क्स यांनी मेंदूच्या गाठीतील पेशी 'सीडी-१३३' या पृष्ठभागावरील खुणेनुसार निवडल्या. ही खूण निरोगी मूलपेशींवरही असते. खूण असलेल्या अवघ्या १०० पेशी उंदराच्या मेंदूत सोडल्या तर मूळ गाठीसारखीच, सगळ्या तऱ्हांच्या पेशी असलेली गाठ तयार झाली. खूण नसलेल्या १,००,००० पेशी सोडल्या तरी झाली नाही. हा प्रयोग २००४ सालचा.

पांढरकवड्याला आम्ही हे सांगत होतो तेव्हा बाजूला उभ्या असलेल्या दुसऱ्या एका शिक्षकांनी आम्हाला थांबवले. "म्हणजे कुंदा," ते म्हणाले. काळ्या रानातला कुंदा ज्यांनी पाहिला आहे त्यांना जास्त सांगायला नको. डवरणी केली, निंदण केले, रान स्वच्छ दिसले. पण मुळी खोल राहिली आणि पंधरा दिवसांत पाऊस झाला की पुन्हा हिरवे. औषधे आणि किरणोपचार वेगाने विभाजन होणाऱ्या पेशींना मारतात. कर्कमूलपेशी बराच काळ स्वस्थ बसून असतात आणि किरणांमुळे डीएनएला झालेली इजा दुरुस्त करण्याची त्यांची तयारी इतर पेशींपेक्षा जास्त असते, असे २००६ साली दिसून आले. ग्लायोब्लास्टोमावर किरणोपचारांच्या जोडीला टेमोझोलोमाइड हे औषध देण्याची पद्धत २००५ सालच्या एका मोठ्या चाचणीनंतर सुरू झाली. तिने रुग्णांचे मध्यम आयुष्य १२.१ महिन्यांवरून १४.६ महिन्यांवर गेले. अडीच महिने. एवढ्या खटपटीनंतर एवढेच, हे लिहिताना आम्हाला बरे वाटत नाही. पण आकडा तोच आहे.

कुंद्याची उपमा चांगली आहे आणि आम्ही ती तेव्हापासून वापरतो. तरीही ती एका जागी तुटते. कुंद्याचे पान तोडून टाकले तर त्याला मुळी फुटत नाही. गाठीतल्या साध्या दिसणाऱ्या पेशी मात्र परिस्थितीनुसार पुन्हा मूलपेशीसारख्या होऊ शकतात. सीडी-१३३ ची खूण नसलेल्या पेशींनीही काही रुग्णांत गाठ केल्याचे नंतर दिसले. नवी मुंबईत खारघर येथे टाटा स्मारक केंद्राची 'अॅक्ट्रेक' ही संशोधन संस्था आहे. तेथे डॉ. शिल्पी दत्त यांच्या गटाने ग्लायोब्लास्टोमाच्या पेशींना मारक मात्रेचे किरण दिले. थोड्या पेशी वाचल्या. त्या एकमेकींत विलीन होऊन अनेक केंद्रकांच्या महाकाय पेशी झाल्या, काही दिवस गप्प राहिल्या आणि मग त्यांच्यातून पुन्हा विभाजन होणाऱ्या पेशी निघाल्या. म्हणजे नुसती मुळी शोधून उपटली की काम झाले, असे नाही.

लहान मुलांची गाठ

त्या सातवीतल्या मुलाची गाठ मेड्युलोब्लास्टोमा होती. ही डोक्याच्या मागच्या बाजूला अनुमस्तिष्कात होते. अनुमस्तिष्क आकाराने लहान, पण मेंदूतील ८,६०० कोटी चेतापेशींपैकी सुमारे ६,९०० कोटी तेथेच असतात, आणि त्यांतील बहुसंख्य बारीक कणपेशी असतात. एवढ्या पेशी घडवायच्या म्हणून त्यांच्या पूर्वपेशींचा एक थर अनुमस्तिष्काच्या बाहेरच्या बाजूला जन्मानंतरही वर्षभर विभाजन करत राहतो. त्यांना 'वाढा' असा निरोप देणारे प्रथिन म्हणजे सॉनिक हेजहॉग. या जातीचे जनुक प्रथम फळमाशीत सापडले. ते बिघडले की माशीची अळी साळिंदरासारखी काटेरी दिसे, म्हणून हेजहॉग. पुढे सस्तन प्राण्यांतल्या त्याच्या भावंडाला एका संशोधकाने व्हिडिओ खेळातल्या पात्राचे नाव दिले. शास्त्रज्ञांची थट्टा अशी कधीकधी रुग्णाच्या कागदावर जाऊन बसते. निरोप थांबला पाहिजे तेव्हा थांबला नाही, तर पूर्वपेशी चेतापेशी न होता वाढतच राहतात. मेड्युलोब्लास्टोमाचा एक गट यातूनच होतो.

असे चार मुख्य गट आहेत आणि ते वेगवेगळ्या पूर्वपेशींतून निघतात. 'डब्ल्यूएनटी' गटाची गाठ अनुमस्तिष्काच्या खालच्या, मस्तिष्कस्तंभाकडील पूर्वपेशींपासून होते, हे २०१० साली कळले. सूक्ष्मदर्शकाखाली हे गट पुष्कळदा सारखेच दिसतात, पण रुग्णाच्या दृष्टीने फरक फार मोठा आहे: डब्ल्यूएनटी गटातील मुले उपचारांनंतर दहांत नऊहून अधिक वाचतात, तिसऱ्या गटाची तशी खात्री देता येत नाही. गट ओळखण्याच्या परदेशी पद्धती महागड्या होत्या. अॅक्ट्रेकमध्ये डॉ. नीलम शिरसाट यांच्या गटाने २०१३ साली एक सुटसुटीत चाचणी मांडली. तीत १२ जनुके आणि ९ सूक्ष्म आरएनए यांचे प्रमाण मोजून गट ठरवता येतो, तेही रुग्णालयांत मेणात जपून ठेवलेल्या गाठीच्या तुकड्यावरून. आपल्याकडे गोठवलेला नमुना मिळणे कठीण, मेणातला मात्र बहुतेक ठिकाणी असतो. म्हणून या कामाचे मोल.

शिक्षकांसाठी दोन ओळी येथेच लिहितो. अनुमस्तिष्कातल्या गाठीमुळे मेंदूतील द्रवाचा मार्ग अडतो आणि डोक्यातला दाब वाढतो. रात्रभर आडवे झोपल्याने सकाळी तो जास्त जाणवतो. मूल आठवडेच्या आठवडे सकाळी डोकेदुखी आणि उलटीची तक्रार करत असेल, त्यातच त्याची चाल बिघडली, अक्षर एकाएकी बिघडले, किंवा त्याला एकाच्या दोन वस्तू दिसू लागल्या, तर घरच्यांना थांबू देऊ नये. शंभरांत नव्याण्णव वेळा कारण साधेच निघेल. तरीही स्कॅन करून घेण्यास सांगावे.

परत आलेला मुलगा

या गाठीवर शस्त्रक्रिया, मग मेंदू आणि पाठीचा कणा यांवर किरणोपचार, मग औषधे, असा क्रम असतो. किरणांना गाठीची मूलपेशी आणि हिप्पोकॅम्पसमधली निरोगी मूलपेशी यांतला फरक कळत नाही. उंदीरवर्गीय प्राण्यांच्या मेंदूला किरण दिले की हिप्पोकॅम्पसमध्ये नव्या चेतापेशी घडणे जवळजवळ बंद पडते, हे २००२ साली मिशेल मोंजे आणि थिओ पामर यांनी दाखवले. हिप्पोकॅम्पस म्हणजे नवे लक्षात ठेवण्याचे ठिकाण. शिवाय चेतातंतूंवर आवरण चढवणाऱ्या पूर्वपेशींनाही किरणांचा फटका बसतो. हेजहॉगचा निरोप अडवणाऱ्या औषधांतही अशीच अडचण निघाली: लहान मुलांच्या हाडांची वाढ त्याच निरोपावर चालते, त्यामुळे ती मुदतीआधी थांबते. गाठीने शरीराचीच भाषा उचललेली असल्यामुळे शत्रूला निवडून मारणे इतके अवघड होते.

मुंबईच्या टाटा रुग्णालयात डॉ. राकेश जलाली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या बाजूने एक महत्त्वाची चाचणी केली. ती मेड्युलोब्लास्टोमावर नव्हती. सौम्य किंवा सावकाश वाढणाऱ्या गाठी असलेल्या ३ ते २५ वर्षांच्या २०० रुग्णांवर होती. निम्म्यांना नेहमीच्या पद्धतीने आणि निम्म्यांना गाठीच्या आकाराबरहुकूम नेमके बेतलेले किरण दिले. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, नेमके किरण मिळालेल्यांची बुद्धिमापन चाचण्यांतली कामगिरी पाच वर्षांत सरस राहिली आणि जगण्याचे प्रमाण कमी झाले नाही.

हा लेख लिहिण्याआधी आम्ही केळापूरच्या त्या शिक्षकांना फोन केला. मुलगा आता नववीत आहे. वाचतो चांगले, चित्रे काढतो, पण पाढे आणि सूत्रे लक्षात राहायला त्याला फार वेळ लागतो. आधी येत होते ते सगळे पुसले गेले आहे काय, असे त्यांनी विचारले. तसे सहसा होत नाही. अशा मुलांच्या पाहणीत दिसले आहे ते असे की पूर्वी शिकलेले बहुतांशी राहते. नवे शिकण्याचा वेग वर्गातल्या इतरांपेक्षा मंद होतो, आणि म्हणून दरवर्षी अंतर वाढल्यासारखे दिसते. हे ऐकल्यावर ते थोडे थांबले. मग म्हणाले, आपण आता त्याला पहिल्या बाकावर बसवतो आणि बाकीच्यांना वीस गणिते दिली तर त्याला दहा देतो. पण दहाही त्यांतलीच, सोपी म्हणून वेगळी काढलेली नव्हेत.